स्वस्तातले लिनियर स्विच कसे निवडायचे: आधी बोर्ड, मग स्प्रिंग, रंग सगळ्यात शेवटी

मेकॅनिकल कीबोर्डच्या प्रत्येक कीखाली एक स्विच असतो. त्यातला लिनियर स्विच म्हणजे दाबताना मधे अडथळा नाही, टिकटिक नाही, वरून खालपर्यंत एकसारखा सरकत जातो आणि स्प्रिंगच्या जोरावर परत वर येतो. आत भाग पण मोजकेच, वरचं हाउसिंग, खालचं हाउसिंग, मधे सरकणारा स्टेम, स्प्रिंग आणि सर्किट जोडणाऱ्या धातूच्या पत्र्या. आणि याच कारणामुळे मेकॅनिकल कीबोर्डमधे कमी पैशात चांगला माल मिळायचा असेल तर तो लिनियरमधेच मिळतो, कारण टॅक्टाइलमधे (दाबताना मधे बोटाला उंचवटा लागतो तो प्रकार) तो उंचवटा नीट जमवणं ही एक वेगळी कसरत असते, इथे घर्षण कमी आणि मापं बरोबर एवढं साधलं की बहुतेक काम झालं.

चेरी कंपनीचे एमएक्स स्विच १९८० च्या दशकात आले, पुढे पेटंटची मुदत संपली आणि गॅटरॉन, कैल, आउटेमू, मग अक्को, केटीटी, एचएमएक्स अशी रांगच लागली. सगळ्यांचं बाहेरचं माप तेच, स्टेमवरचा अधिक चिन्हासारखा भाग तोच, त्यामुळे एकाचे स्विच दुसऱ्याच्या बोर्डात बसतात (बहुतेक वेळा, त्याबद्दल पुढे सांगतोच). आज परिस्थिती अशी आहे की स्वस्त गटातला चांगला लिनियर आणि त्याच्या तिप्पट किमतीचा लिनियर यातला फरक शेजारी शेजारी ठेवून दाबला तर कळतो, पण कामात गुंतल्यावर बहुतेकांना कळत नाही.

मग पैसे जातात कुठे? चुकीचं वजन घेतलं म्हणून दुसरा सेट घ्यावा लागतो तिथे जातात, किंवा स्विच स्वस्त मिळाला पण ल्यूब (आत लावायचं वंगण), ब्रश, फिल्म, ओपनर (स्विच उघडायचं साधन) असं करत करत सामानाचाच खर्च स्विचच्या वर जातो तिथे. म्हणून माझ्यासाठी "परवडणारा" म्हणजे पाकिटातून काढला, बोर्डात लावला, संपलं. पूर्ण लेख याच हिशोबाने लिहिलाय.

पायरी १ : बोर्ड काय घेतो ते आधी बघा

हे सोडून लोक थेट रंग निवडायला बसतात. आधी बोर्ड हॉट-स्वॅप आहे का बघा, म्हणजे स्विच नुसता ओढून काढता आणि दाबून बसवता येतो का. कीकॅप (कीवरची टोपी) काढा, पुलरने एक स्विच वर ओढा, सहज निघाला आणि खाली दोन धातूच्या सॉकेटची भोकं दिसली तर हॉट-स्वॅप. निघतच नसेल तर जोर करू नका, तो सोल्डर केलेला असणार, आणि मग प्रत्येक स्विचचे दोन जोड वितळवून काढायचे म्हणजे हत्यारं पण लागतात आणि सवय पण. पहिल्यांदाच करत असाल तर सोल्डरवाल्या बोर्डाच्या नादी न लागलेलं बरं.

मग बोर्डाची जात तपासा. ऑप्टिकल बोर्डात साधे मेकॅनिकल स्विच चालत नाहीत कारण तिथे प्रकाशाचा किरण अडवून की ओळखतात. मॅग्नेटिक म्हणजे हॉल इफेक्टवाल्या बोर्डात स्टेममधल्या चुंबकाचं अंतर मोजतात, तिथेही साधा स्विच आत गेला तरी की नोंदली जाणार नाही. (काही नवीन बोर्ड दोन्ही घेतात, पण ते त्यांच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं असतं, लिहिलेलं नसेल तर नाही असंच धरा.) लो-प्रोफाइलचं, म्हणजे बुटक्या स्विचच्या बोर्डाचं, तर मापच वेगळं, आणि त्यातही एका कंपनीचा स्विच दुसऱ्याच्या बोर्डात बसेलच असं नाही.

आता पिना. एमएक्स पद्धतीच्या स्विचला दोन धातूच्या पिना आणि मधे एक जाड प्लास्टिकचा खुंट असतो, याला तीन पिनवाला म्हणतात. पाच पिनवाल्याला बाजूला अजून दोन बारीक प्लास्टिकचे पाय असतात, पीसीबीवर (आतल्या सर्किटच्या पट्टीवर) सरळ बसायला. बोर्ड पाच पिनचा असेल तर दोन्ही चालतात. बोर्ड तीन पिनचा असेल आणि स्विच पाचचा, तर ते दोन प्लास्टिकचे पाय नेल कटरने किंवा छोट्या कटरने कापून टाकायचे, काहीही बिघडत नाही, फक्त पाऊणशे स्विचचे कापायला कंटाळा येतो. धातूच्या पिनांना मात्र हात लावायचा नाही.

एक खाचखळगा स्वस्त बोर्डांमधे खास आहे. आउटेमूच्या स्विचच्या धातूच्या पिना इतरांपेक्षा बारीक असतात, आणि काही जुन्या-स्वस्त हॉट-स्वॅप बोर्डांमधली सॉकेट फक्त त्या बारीक पिनांसाठी बनवलेली असतात, त्यात गॅटरॉन किंवा चेरी घालायला गेलात की एकतर जात नाही नाहीतर सॉकेट फाकतं. बोर्डाच्या माहितीत "फक्त आउटेमू" असा उल्लेख आहे का ते शोधा. असेल तर तुमची निवड आपोआपच लहान झाली, पण त्यातही चांगले लिनियर आहेत.

पायरी २ : किती लागतील

हे पटकन. ६० टक्केवाल्या बोर्डाला (टक्के म्हणजे पूर्ण कीबोर्डच्या मानाने आकार) साधारण ६१, ६५ टक्केला ६७-६८, ७५ टक्केला ८० च्या थोडे वर, टीकेएलला (उजवीकडचा नंबर पॅड नसलेला) ८७ आणि फुल साइजला १०४. तरी स्वतःच्या बोर्डावरच्या कीज मोजाच, कारण रोटरी नॉब असला की एक कमी होतो वगैरे. वर पाच-सात जास्तीचे घ्या, एखाद-दुसरा खराब निघतोच आणि एखाद्याची पिन बसवताना वाकते. पाकिटं १०, ३५, ४५, ७०, ९०, ११० अशा आकड्यांत येतात, त्यामुळे किंमत बघताना पाकिटाची नाही, एका स्विचची काढून बघायची. लहान पाकीट स्वस्त दिसतं पण तुमच्या बोर्डाला दोन लागणार असतील तर मोठं एकच कधी कधी स्वस्त पडतं, कधी कधी उलटं.

पायरी ३ : स्प्रिंगचं वजन, खरा निर्णय इथे होतो

स्विचच्या पानावर वजन ग्रॅममधे लिहितात, काही ठिकाणी सेंटीन्यूटन असतं, दोन्ही जवळजवळ सारखंच धरा. पण कुठलं वजन ते बघा. एक असतं ऑपरेटिंग, म्हणजे ज्या क्षणी की नोंदली जाते तेव्हाचं. दुसरं बॉटम-आउट, म्हणजे तळाला टेकताना लागणारं. चेरी एमएक्स रेडचं ऑपरेटिंग ४५, गॅटरॉन रेडचं पण ४५, गॅटरॉन यलोचं ५०, चेरी ब्लॅक आणि गॅटरॉन ब्लॅक ६०. बॉटम-आउट याच्यापेक्षा बरंच जास्त असतं. आता एका पानावर ५० लिहिलंय आणि दुसऱ्यावर ६३, तर दुसरा जड आहे असं लगेच समजू नका, कदाचित पहिल्याने ऑपरेटिंग दिलंय आणि दुसऱ्याने बॉटम-आउट, आणि दोघं हाताला सारखेच लागतील.

दुसरी गंमत म्हणजे त्या आकड्यापुढे बहुतेक वेळा अधिक-उणे १० किंवा १५ असं बारीक अक्षरात असतं. म्हणजे ४५ चा आणि ५० चा यातला कागदावरचा फरक हा एकाच पाकिटातल्या दोन स्विचमधल्या परवानगी असलेल्या फरकापेक्षा लहान आहे! प्रत्यक्षात चांगल्या कंपन्यांचा माल इतका विखुरलेला नसतो, पण ४५ की ४७ की ५० यावर रात्र घालवण्यात अर्थ नाही. मनात तीनच कप्पे ठेवा. ऑपरेटिंग ३५-४० हलका, ४५-५० मधला, ६० आणि पुढे जड.

हलका कोणाला? ज्यांची बोटं टायपिंग करताना कीजवर विसावत नाहीत, हवेत राहतात. गेमिंगवाले बरेचदा याकडे जातात. पण ज्यांना होम रोवर (ए-एस-डी-एफवाली मधली ओळ) बोटं टेकवून विचार करायची सवय आहे त्यांनी हलका घेतला की स्क्रीनवर मधेच एखादं अक्षर आपोआप उमटतं, आणि हे सवयीने जाईल असं लोक सांगतात पण सगळ्यांचं जात नाही. लॅपटॉप कीबोर्डवरून येणाऱ्यांना तर हे जास्त जाणवतं, कारण तिथे सुरुवातीलाच रबराचा विरोध असतो, तो ओलांडल्याशिवाय की जात नाही. लिनियरमधे तसा उंबरठाच नाही, पहिल्या स्पर्शापासून की खाली सरकायला लागते. म्हणून पहिलाच लिनियर असेल तर मी मधला कप्पा सांगतो आणि त्यातही ५० कडे झुकलेला.

जड कोणाला? जे जोरात हाणतात, तळापर्यंत ठोकतात. त्यांना जड स्प्रिंग तळाजवळ थोडं थांबवते. पण दिवसभर लिहायचं काम असेल आणि करंगळी आधीच कुरकुरत असेल तर जडच्या वाटेला जाऊ नका.

अजून एक शब्द दिसेल, लाँग स्प्रिंग, म्हणजे २० मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त लांबीची स्प्रिंग. ती आत आधीच जास्त दबलेली असते त्यामुळे सुरुवातीपासून विरोध जाणवतो, तळापर्यंत वजन फार वाढत नाही, आणि परत येताना चपळ वाटते. बोटं टेकवणाऱ्यांसाठी हा चांगला मधला मार्ग आहे.

पायरी ४ : किती खोल जातो

पारंपरिक लिनियर एकूण ४ मिलिमीटर जातो आणि २ मिलिमीटरवर नोंद होते. स्पीड किंवा सिल्व्हर नावाने येतात ते लवकर नोंदतात, चेरीच्या सिल्व्हरमधे १.२ मिलिमीटरवर, एकूण खोली ३.४. टायपिंगसाठी मला हे पटत नाही, चुका वाढतात. आणि ३.३ ते ३.६ च्या आसपास एकूण खोली असलेले बरेच नवीन स्विच लाँग पोल असतात, म्हणजे स्टेमचा मधला दांडा लांब असतो आणि तो तळाला आधी आपटतो. त्याने आवाज खणखणीत, टोकदार येतो. व्हिडिओत ऐकायला मस्त. ऑफिसात शेजारी कोणी बसत असेल तर विचार करून घ्या.

पायरी ५ : आवाज आणि प्लास्टिक

नायलॉनचं हाउसिंग आवाज दबका, जाडसर करतं. पॉलिकार्बोनेट पारदर्शक असतं, लाइट चांगली पसरते आणि आवाज थोडा वरच्या पट्टीतला येतो. स्टेम बहुतेक पीओएमचा, कारण ते मुळातच घसरडं प्लास्टिक आहे. पण खरं सांगू का, तुमचं केस, प्लेट, फोम, कीकॅपची जाडी आणि खाली टेबलावर काय आहे यानेही आवाज तितकाच किंवा जास्तच बदलतो, त्यामुळे कोणाच्या तरी रेकॉर्डिंगमधला आवाज घरी येईल या आशेवर स्विच घेऊ नका. स्पेस, एंटर, शिफ्ट खडखडत असतील तर तो दोष स्विचचा नसतोच, स्टॅबिलायझरचा (लांब की सरळ ठेवणारा तारेचा भाग) असतो, त्याच्या तारेला ग्रीस लावलं की सेट न बदलता निम्मा प्रश्न सुटतो. ते आधी करून बघा, मग स्विच बदलायचेत का ठरवा.

शांतता हवी असेल तर सायलेंट लिनियर. यात स्टेमला मऊ रबरासारखे तुकडे असतात, खाली आणि वर दोन्हीकडे आवाज मरतो. तळ थोडा मऊ, गिळगिळीत लागतो, काहींना ते अजिबात आवडत नाही. आउटेमूचा सायलेंट पीच हा स्वस्तातला लिनियर सायलेंट आहे, लेमन त्याचाच भाऊ पण तो टॅक्टाइल, नाव बघून उलटं मागवू नका.

पायरी ६ : फॅक्टरी ल्यूब आहे का

बजेटवाल्यांनी सगळ्यात जास्त भाव याला द्यावा. कोरडा लिनियर दाबला की आत बारीक रेती गेल्यासारखं खरखरतं, आणि स्प्रिंगचा "टिंग" असा आवाज कानाला लागतो. कंपनीनेच ल्यूब लावून दिला असेल तर दोन्ही बऱ्यापैकी जातात. हल्ली स्वस्त स्विचमधेही हे मिळतं, नावात प्रो असेल तर बरेचदा हाच फरक असतो, पण पानावर "फॅक्टरी ल्यूब्ड" लिहिलंय याची खात्री करून घ्या.

हाताने ल्यूब करायचंच असेल तर लिनियरसाठी क्रायटॉक्स २०५जी० हे नाव सगळीकडे ऐकाल, आणि स्प्रिंगला क्रायटॉक्स १०५ तेल. स्विच उघडायचा, खालच्या हाउसिंगच्या दोन्ही रुळांवर आणि स्टेमच्या बाजूंना ब्रशने अगदी पातळ थर द्यायचा, पांढरं दिसायला लागलं म्हणजे जास्त झालं. स्प्रिंगा सगळ्या एका झिपच्या पिशवीत टाकून तेलाचे थोडे थेंब घालून हलवायच्या. पत्र्यांच्या जोडणीच्या जागी ग्रीस जाऊ द्यायचं नाही, की नोंदवायला कुरकुर करू शकते. एकेक स्विच उघडून, लावून, बंद करून पूर्ण बोर्ड करायचा म्हणजे संध्याकाळ जाते, कधी दोन. आवड असेल तर मजा आहे, पण फक्त पैसे वाचवायला कोरडा स्विच आणि ल्यूबची बाटली घेत असाल तर हिशोब करा, बरेचदा फॅक्टरी ल्यूबवालाच स्वस्त पडतो. आणि ज्यावर आधीच फॅक्टरी ल्यूब आहे त्यावर परत २०५जी० थापलं तर स्विच सुस्त होतो.

फिल्म म्हणजे दोन हाउसिंगच्या मधे घालायची पातळ चकती. स्विच बोटात धरून वरचा अर्धा भाग हलवून बघा, हलत असेल तर फिल्मचा उपयोग, घट्ट असेल तर पैसे वाया.

पायरी ७ : यादी लहान करा

रंगावर भरवसा ठेवू नका. लाल म्हणजे पिवळ्यापेक्षा थोडा हलका लिनियर, काळा जड, पिवळा मधला, इतपत अंदाज चालतो, पण चेरीचा क्लिअर टॅक्टाइल आहे आणि गॅटरॉनचा क्लिअर ३५ ग्रॅमचा लिनियर, आता बोला. पानावर "लिनियर" हा शब्द वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

माझी यादी अशी. काहीच ठरत नसेल तर गॅटरॉन यलो, मिल्की म्हणजे दुधी हाउसिंगवाला, प्रो मिळाला तर उत्तम. वर्षानुवर्षं स्वस्त लिनियर म्हटलं की हेच नाव पुढे येतं आणि ते उगाच नाही, वजन बहुतेक हातांना चालतं आणि साधा कोरडासुद्धा गुळगुळीत असतो. त्याच्या जोडीला अक्को व्ही३ क्रीम यलो प्रो, ल्यूब लावूनच येतो. केटीटीचा कांग व्हाइट हलका आवडणाऱ्यांसाठी. धूळ फार असेल किंवा टेबलावर पाणी-बिणी सांडतं अशी परिस्थिती असेल तर कैल बॉक्स रेड, त्याच्या संपर्काचा भाग बंद डबीत असतो आणि आयपी५६ रेटिंग (धूळ-पाण्यापासून बचावाचं) आहे, ऑपरेटिंग ४५, एकूण खोली ३.६. (रेटिंग स्विचला आहे, तुमच्या पीसीबीला नाही, तेवढं लक्षात असू द्या.) चेरी रेड वाईट नाही, टिकाऊ आहे, पण त्याच पैशात आता जास्त गुळगुळीत स्विच मिळतात.

५ कोटी दाब, ८ कोटी, १० कोटी, हे स्विचच्या आयुष्याचे आकडे तुलनेत धरूच नका. एक की रोज १०,००० वेळा दाबली, जे खूपच झालं, तरी ५ कोटी व्हायला ५,००० दिवस लागतात, म्हणजे तेरा वर्षांच्या वर. त्याआधी तुम्हालाच नवीन काहीतरी हवंसं वाटेल.

पायरी ८ : आधी दहा घ्या

शक्य असेल तर दोन-तीन प्रकारांची दहादहाची पाकिटं किंवा वेगवेगळ्या स्विचचा टेस्टर मागवा. टेस्टरवर एकेक दाबून निर्णय घेऊ नका पण, सुटा स्विच बोटाने दाबला की नेहमी जड वाटतो आणि आवाजही बोर्डातला येत नाही. दहा स्विच होम रोवर आणि आसपास लावा आणि नेहमीचं काम करा. दोन-चार दिवसांत हात सांगतो.

हातात घेऊन काय बघायचं? कडेने दाबा, मधोमध नाही, खरखर तिथेच कळते. अगदी हळू दाबा, वेगात सगळेच गुळगुळीत वाटतात. कानाजवळ धरून झटकन सोडा, स्प्रिंग वाजते का ऐका. कीकॅप लावून स्टेम डावी-उजवीकडे हलवा, थोडं हलणारच, पण सगळे स्विच सारखे हलतात का ते महत्त्वाचं. दहातले दोन वेगळे वागले तर नव्वदात किती निघतील याचा अंदाज येतो, आणि स्वस्त मालात मी गुळगुळीतपणापेक्षा या एकसारखेपणाला जास्त मार्क देतो, कारण एकच की वेगळी लागली की लक्ष सारखं तिकडेच जातं.

पायरी ९ : बसवताना

केबल काढा. प्रत्येक स्विचच्या पिना डोळ्यासमोर धरून सरळ आहेत का बघा, वाकलेली असेल तर चिमट्याने हळूच सरळ करा. स्विच उभा, सरळ खाली दाबायचा, तिरका नाही. अडला तर बाहेर काढून परत बघायचं, बहुतेक वेळा पिन दुमडलेली असते. जमलं तर बोर्डाचं मागचं झाकण उघडून सॉकेटला खालून बोटाचा आधार द्या, कारण जोराने दाबल्यामुळे सॉकेट पीसीबीवरून उखडणं हा हॉट-स्वॅप बोर्ड मरायचा नेहमीचा प्रकार आहे. सगळे लावून झाले की केबल परत लावून, कीकॅप घालण्याआधी की टेस्टर (दाबलेली की स्क्रीनवर दाखवणारं पान) उघडून एकेक की तपासा. एखादी लागत नसेल तर शंभरातल्या नव्वद वेळा पिनच. एका दाबात दोन अक्षरं येत असतील तर तो स्विच बाजूला काढा आणि जास्तीच्यातला लावा, तरीही तसंच झालं तर सॉकेटकडे बघा.

कीकॅप घालताना एक तपासा. बोर्डात स्विचचं एलईडीचं भोक वरच्या बाजूला, म्हणजे नंबर रोकडे असेल आणि तुमच्या कीकॅप चेरी प्रोफाइलच्या (कीकॅपचा एक ठरावीक आकार) असतील, तर एका ओळीत कीकॅप स्विचच्या हाउसिंगवर आपटू शकते. लाँग पोलवाल्यात खोली कमी असल्यामुळे हे बरेचदा टळतं.

पंधरा दिवस वापरा, मग लागलं तर एकेका जागी बदल करा. अंगठा जोरात पडतो म्हणून स्पेसबारखाली त्याच जातीतला जड स्विच, करंगळीखालच्या तीन-चार कीजना हलका, असं मिसळलं तरी चालतं, आणि नमुन्याची दहाची पाकिटं घेतलीच आहेत तर ती इथे कामाला येतात.